अण्णांचं कानाचं मशीन आणि दहा सेलचा हिशोब

माझ्याकडे श्रवणतपासणीला आलेल्या माणसाच्या फाइलीत सगळ्यात वर पोटाचा एक्स-रे असावा, असं क्वचित घडतं. हे प्रकरण त्या एक्स-रेपासून सुरू होतं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत; वैद्यकीय भाग आहे तसा ठेवला आहे.

रुग्ण ७६ वर्षांचे, एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. राहतात मुलगा, सूनबाई आणि दोन वर्षांच्या नातीसोबत. ऐकू कमी येतं ही तक्रार गेली सहा-सात वर्षं होती, पण कानाची तपासणी कधी झालेली नव्हती. मुलानं ऑनलाइन एक ‘कानाचं मशीन’ मागवलं, हजार रुपयांच्या आतलं. खोक्यावर कुठंही श्रवणयंत्र असं लिहिलेलं नव्हतं. आवाज मोठा करणारं उपकरण, एवढंच. कानामागे अडकवायचा चामडीच्या रंगाचा तुकडा, त्यातून निघणारी पारदर्शक नळी, टोकाला रबरी बोंडूक आणि बाजूला आवाजाची छोटी चकती. आत एलआर४४ जातीचा एक बटण सेल. मशीनसोबत मुलानं दहा सेलचं एक कार्डही घेतलं होतं.

सेल गिळल्याची घटना मशीन आल्यानंतर साधारण महिन्याभरानं घडली.

सकाळची गोळी

अण्णांची एक स्टीलची डबी आहे, पूर्वी तंबाखूची. तंबाखू सुटली, डबी राहिली. रात्री झोपताना ते मशीन काढायचे आणि त्याच डबीत ठेवायचे. सेल संपला की नवा घालायचा आणि जुना डबीतच टाकायचा, कारण ‘इकडंतिकडं पडायला नको’. सूनबाई रात्रीच दुसऱ्या दिवशीची साखरेची गोळी पाकिटातून काढून त्याच डबीच्या झाकणात ठेवायच्या, म्हणजे सकाळी शोधाशोध नको. दोघांच्याही सवयीत काळजीच होती. फक्त दोघांची जागा एक झाली होती.

एलआर४४चा व्यास ११.६ मिलिमीटर आणि जाडी ५.४ मिलिमीटर. साखरेच्या गोल गोळ्यांपैकी काही जवळपास याच मापाच्या असतात. पहाटेचा अंधुक उजेड, चष्मा अजून घातलेला नाही, झाकण आणि डबी उघडून शेजारी शेजारी ठेवलेली. अण्णांनी जे हाताला लागलं ते तोंडात टाकलं आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. ‘गोळी गार आणि जड लागली’, असं ते नंतर म्हणाले. चष्मा घातल्यावर पांढरी गोळी झाकणातच दिसली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

हा प्रकार विचित्र वाटेल, पण नवा नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्या वयस्क माणसांनी गोळी समजून सेल गिळणं हे जगभरच्या विषबाधा केंद्रांना चांगलं परिचयाचं आहे. कारण उघड आहे: ज्या वयात कानाला सेल लागतो, त्याच वयात गोळ्या सुरू असतात आणि नजरही कमी झालेली असते.

घरात लगेच सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, चार केळी खायला द्या, सरकून जाईल. कोणीतरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला सांगितलं. सूनबाईंनी दोन्ही थांबवलं आणि अण्णांना रिक्षात घालून सरळ ग्रामीण रुग्णालयात नेलं. उलटी काढायची नाही, हे फार महत्त्वाचं. वर येताना सेल अन्ननलिकेत अडकू शकतो किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि इजा होते ती अडकलेल्या सेलनं.

सेल नेमकं करतो काय

बहुतेकांना वाटतं की सेल फुटून आतलं रसायन बाहेर येतं आणि त्यानं भाजतं. कधी कधी गळतीही होते, पण मुख्य घात वेगळा आहे. सेलची दोन टोकं ओल्या आतड्याला किंवा अन्ननलिकेला टेकली की त्या ओलाव्यातून वीज वाहू लागते. ऋण बाजूला, म्हणजे सेलच्या अरुंद बाजूला, पाण्याचं विघटन होऊन तीव्र अल्कली तयार होते. कॉस्टिक सोड्यानं जसं भाजावं तसं ते भाजणं असतं, फक्त एकाच जागी आणि सतत. सेल एका जागी अडकून राहिला तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. सेल काढून टाकल्यावरही ती जखम दिवसेंदिवस खोल जात राहू शकते. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडणं किंवा शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जखम पोचणं, हे कधी कधी काही आठवड्यांनी लक्षात येतं.

‘पण तो सेल तर संपलेला होता’, असं अण्णांचा मुलगा मला म्हणाला. हाच सगळ्यात घातक गैरसमज. मशीन चालत नाही म्हणजे सेल मेला असं नसतं. मशीनला लागणारा जोर त्याच्यात उरत नाही, इतकंच. पाण्याचं विघटन व्हायला साधारण १.२ व्होल्टही पुरतात आणि मशीननं नाकारलेल्या सेलमध्ये तेवढे बऱ्याचदा शिल्लक असतात. वजनकाट्यात, रिमोटमध्ये येणारा सीआर२०३२ हा लिथियमचा चपटा सेल तर ३ व्होल्टचा आणि २० मिलिमीटर व्यासाचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोबर अडकतो. म्हणूनच बटण सेलनं झालेल्या सर्वांत भीषण इजा याच मापाच्या सेलच्या आहेत.

अण्णांच्या बाबतीत नशीब बरं होतं. एक्स-रेमध्ये सेल जठरात पोचलेला दिसला. नाणं आणि सेल यांत फरक करायची एक खूण डॉक्टर बघतात: समोरून घेतलेल्या चित्रात सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, नाण्याला तसं दिसत नाही. सेल एकच होता. १२ मिलिमीटरपेक्षा लहान. पोटात दुखत नव्हतं, गिळायला त्रास नव्हता, अन्ननलिकेचा जुना आजारही नव्हता. प्रौढ माणसात इतकं सगळं जुळत असेल तर शस्त्रक्रिया किंवा दुर्बीण न वापरता वाट बघता येते, कारण जठरातून पुढं गेलेला छोटा सेल सहसा स्वतःहून बाहेर पडतो. डॉक्टरांनी नेहमीचं जेवण चालू ठेवायला सांगितलं, पोटदुखी, उलटी, ताप किंवा काळी शी झाल्यास लगेच परत या म्हणाले, आणि चौथ्या दिवशी सेल बाहेर आला. त्यावर काळसर डाग पडलेले होते.

केळी, एरंडेल, रेचक यांतलं काहीही दिलं गेलं नाही.

एक सेल सापडत नव्हता

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो रुग्णालयातल्या परिचारिकेचा प्रश्न. एक्स-रे चालू असताना तिनं सूनबाईंना विचारलं, ‘कार्डावर सेल किती होते? आता किती आहेत?’

घरी फोन लावून मोजणी झाली. कार्ड दहाचं. कार्डावर चार कोरे शिल्लक. एक मशीनमध्ये. डबीत तीन जुने. एक अण्णांच्या पोटात. बेरीज नऊ.

दोन वर्षांची नात घरात होती. सूनबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या अर्ध्या तासात त्यांना अण्णांचा पूर्ण विसर पडला. मुलीला खोकला नव्हता, लाळ गळत नव्हती, दूधही प्यायली होती. पण यातून काहीच सिद्ध होत नाही. सेल गिळलेल्या मुलाला सुरुवातीला अनेकदा काहीच लक्षण नसतं, आणि असलं तरी ते साध्या सर्दी-खोकल्यासारखं वाटतं. बारा वर्षांखालच्या मुलानं बटण सेल गिळल्याची नुसती शंका असली, तरी ताबडतोब एक्स-रे काढायचा असतो. वाट बघण्याची जी सवलत अण्णांना मिळाली ती मुलांना नाही.

मुलीला दवाखान्यात आणायला निघतानाच दहावा सेल सापडला. भातुकलीच्या कढईत, दोन चणे आणि एका बटणासोबत.

सापडला नसता तर काय करायचं, तेही इथं लिहून ठेवतो, कारण ती वेळ कुणावरही येऊ शकते. वर्षापेक्षा मोठं मूल, सेल गिळून बारा तासांच्या आत, आणि मूल नीट गिळू शकतंय: अशा वेळी दवाखान्यात जाताना वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यायचा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलवर थर धरतो आणि तयार होणारी अल्कली काही अंशी सौम्य करतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डुकराच्या पिलांवरच्या प्रयोगांतून हे पुढं आलं. पण मध शोधायला दुकानात जायचं नाही आणि मध दिला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. बाकी खायला-प्यायला काही नाही, कारण सेल काढायला भूल द्यावी लागते. महाराष्ट्रात १०८ला फोन करताना ‘मुलानं सेल गिळला’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि त्याच जातीचा दुसरा सेल किंवा रिकामं कार्ड सोबत घ्या. त्यावरचा क्रमांक डॉक्टरांना हवा असतो.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडच्या सवयीमुळे. मुलं सेल नाकात आणि कानातही घालतात. एका नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येणं ही त्याची ओळखीची खूण. कान दुखतो म्हटलं की आपल्याकडे कोमट तेल सोडायची घाई असते. सेलची शंका असेल तर कानात किंवा नाकात कसलेही थेंब घालू नयेत. द्रवामुळे इजा वाढू शकते आणि पडद्याला किंवा नाकाच्या मधल्या पडदीला भोक पडू शकतं. चिमट्यानं घरी काढायचाही प्रयत्न नको.

आता मशीन

अण्णा माझ्याकडे आले ते पाचव्या दिवशी, मशीन आणि डबी दोन्ही घेऊन. मशीन शिट्टी मारतं आणि डोकं दुखतं, ही त्यांची तक्रार.

आधी कान बघितला. उजव्या कानात मळाचा गच्च बोळा, तोही बोंडकानं आत ढकललेला. बोंडूक सैल बसत होतं म्हणून अण्णांनी त्याभोवती कापूस गुंडाळला होता. कापसाचे धागे मळात अडकलेले. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ काढून घेतला आणि मगच तपासणी केली. कमी पट्टीच्या आवाजात घट बेताची होती, ३५-४० डेसिबल; उंच पट्टीत मात्र जास्त: २००० हर्ट्‌झला ५५, ४०००ला ७०. वय आणि आगारातली नोकरी, दोन्हींची सही असलेला आलेख. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, बोलणं कळत नाही. ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीत असतात आणि नेमकी तीच हरवतात. ‘सात’ म्हटलं की त्यांना ‘आत’ ऐकू यायचं.

मग मशीन चाचणीपेटीत, म्हणजे यंत्र आवाज किती वाढवतं ते मोजणाऱ्या पेटीत, ठेवलं. हे यंत्र सगळ्यात जास्त वाढवत होतं ते १००० हर्ट्‌झच्या आसपास, जिथं अण्णांना फारशी गरज नव्हती. ३०००च्या वर, जिथं खरी गरज, तिथं जवळपास काहीच नाही. त्यामुळे त्यांनी केलं ते कुणीही केलं असतं: चकती शेवटपर्यंत फिरवली. बोलणं तरीही स्पष्ट झालं नाही, पण भांड्याचा आवाज, कुकरची शिट्टी, नातीचं किंचाळणं थेट कानात. पूर्ण आवाजावर यंत्राचा कमाल आवाज १२६ डेसिबल भरला. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेत ऑक्टोबर २०२२पासून दुकानात थेट मिळणाऱ्या श्रवणयंत्रांना १११ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय असेल तर ११७. आवाज दाबायची तशी कुठलीच सोय अण्णांच्या यंत्रात नव्हती.

सेलच्या जागी मोजणीचा नकली सेल बसवून वीज किती लागते तेही पाहिलं. चकती मध्यावर असताना सुमारे ३ मिलिअँपिअर, टोकाला ५. एलआर४४मध्ये साधारण दीडशे मिलिअँपिअर-तास भरतात. म्हणजे टोकाच्या आवाजावर तीस तास. दिवसाला सहा तास वापर धरला तर पाच-सहा दिवसांत सेल रिकामा, महिन्याला पाच जुने सेल. डबीचा हिशोब तोच सांगत होता.

डबीतला सेल पोटात जायला अंधार आणि चष्मा जबाबदार आहेतच. पण डबीत इतके सेल जमले कशानं? कानाला न जुळणाऱ्या यंत्रानं. न जुळणारं यंत्र मोठ्यानं वाजवावं लागतं, मोठ्यानं वाजवलं की सेल लवकर संपतो, आणि संपलेला सेल घरात कुठंतरी पडतो. म्हणून ‘सेल जपून ठेवा’ एवढाच सल्ला देऊन मी कधी थांबत नाही. चकती कुठवर फिरवता ते आधी विचारतो.

अशी यंत्रं सरसकट फेकून द्यावीत असं माझं मत नाही. ती मुळात चांगलं ऐकू येणाऱ्या माणसासाठी आहेत: पक्षी ऐकायला, लांबचं व्याख्यान ऐकायला. दवाखान्यात खाटेवरच्या रुग्णाशी चार शब्द बोलायचे असतील तर खिशात मावणारं, हेडफोन जोडलेलं आवाजवर्धक फार कामाला येतं. आवाज मध्यापर्यंत, वेळ थोडी, समोर माणूस बोलतोय तोवरच. मात्र कान वाहत असेल, एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, चक्कर येत असेल किंवा एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर कुठलंही मशीन लावण्याआधी डॉक्टर. अचानक गेलेल्या ऐकण्याला पहिले काही दिवसच उपचाराचे असतात, आणि ते दिवस मशीनचा आवाज कमी-जास्त करण्यात जातात.

जांभळं नव्हे, निळं

मुलानं मध्ये एकदा औषधाच्या दुकानातून सेल आणायचा प्रयत्न केला होता. दुकानदारानं ६७५ क्रमांकाचा सेल दिला. निळ्या चिकटपट्टीचा, ‘जांभळी पट्टी’ असं अण्णा सांगत होते. मापानं तो एलआर४४इतकाच, मशीनमध्ये बसतोही. पण हा झिंक-एअर सेल. त्याच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात, पट्टी काढली की हवा आत जाते आणि मिनिटभरानं सेल जागा होतो. मुलानं पट्टीसकट बसवला, मशीन चाललं नाही, ‘सेल खराब’ म्हणून दुकानात परत दिला. उलटी चूकही मी पाहतो: सगळ्या पट्ट्या एकदम सोलून ठेवायच्या. मग वापरा किंवा वापरू नका, काही आठवड्यांत सगळे सेल जातात. फ्रिजमध्येही ठेवू नयेत, दमटपणा छिद्रांत बसतो. खिशात सुट्ट्या नाण्यांबरोबर तर कुठलाच सेल नको, दोन्ही टोकं जुळून तापतो.

पुढं काय केलं

अण्णांना दोन आठवडे डिजिटल श्रवणयंत्र लावून बघायला दिलं, त्यांच्या आलेखाप्रमाणे बसवलेलं. घरात लहान मूल असल्यामुळे मी चार्जिंगचं सुचवलं, कारण त्यातला लिथियम-आयन सेल बंद असतो, हाताळावाच लागत नाही. ज्यांना सेलचंच यंत्र परवडतं त्यांनी झाकणाला कुलूप असलेलं मागावं. मुलांच्या यंत्रांना ती सोय असते आणि बऱ्याच कंपन्या मोठ्यांसाठीही देतात. चार्जिंगच्या यंत्राचेही नियम आहेत: सोबत आलेल्या अडॅप्टरवरच लावायचं, उशीखाली किंवा चुलीजवळ नाही, चार्ज होत असताना कानात नाही. चार्जिंगचं खोकं फुगलेलं, तापलेलं वाटलं तर त्याच क्षणी बंद.

पैशाचा प्रश्न होताच. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कायद्यात दोन्ही कानांची घट किमान ६० डेसिबल लागते. अण्णा ५०च्या आसपास, तिथं बसत नव्हते. राष्ट्रीय वयोश्री योजना दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी, तीही नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र माणसाला ३,००० रुपये मिळतात. तेवढ्यात श्रवणयंत्र येत नाही, पण हातभार लागतो. अण्णांचा अर्ज आधीच मंजूर झाला होता, आणि ते आवाजवर्धक त्याच पैशांतून घेतलेलं होतं. बाकी रक्कम मुलानं हप्त्यांनी भरली. सध्या एकाच कानाला यंत्र आहे, दुसऱ्याचं दिवाळीनंतर बघू असं ठरलंय.

डबीतले तीन, कढईतला एक आणि मशीनमधला एक असे जुने सेल दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले. टेप लावली की ते एकमेकांना टेकून तापत नाहीत. बरणी वरच्या फळीवर, आणि मुलगा साताऱ्याला जाईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे असे सेल घरच्या कचऱ्यात टाकायचे नसतात, पण तालुक्याच्या गावात ते घेणारं कुणी नाही, ही अडचण खरीच आहे. गोळ्या आता वारांचे कप्पे असलेल्या प्लास्टिकच्या डबीत, स्वयंपाकघरात. स्टीलच्या डबीत अण्णांनी सुपारी ठेवायला सुरुवात केली आहे, त्यावर मी काही बोललो नाही.

घरातल्या इतर सेलची यादी सूनबाईंनी स्वतः केली. वजनकाटा, साखर मोजायचं यंत्र, नातीचं गाणारं पुस्तक, मुलाच्या गाडीच्या किल्लीतला रिमोट: चारही ठिकाणी बटण सेल. पुस्तकाचं झाकण स्क्रूचं होतं. बाकी तिन्हींची झाकणं नखानं उघडत होती.